काकूंचं लग्न लावलं कोणी?

१

आपलं लग्न झालंय ही बातमी काकूंना पेन्शन कचेरीच्या खिडकीतून कळली.

"पेन्शन थांबवली आहे," खिडकीमागचा कारकून म्हणाला. माणूस तसा भला, पण वाईट बातमी देताना समोरच्याकडे बघायचं नाही, एवढं तो नोकरीत शिकला होता. "पुनर्विवाह. नवऱ्याच्या मागे मिळणारी पेन्शन दुसरं लग्न केलं की बंद होते."

"कोणाचं दुसरं लग्न?"

"तुमचं."

काकूंनी मागे वळून पाहिलं. एखादी नवी नवरी रांगेत उभी असेल तर दिसावी म्हणून. मागे काठी टेकलेले एक आजोबा होते आणि त्यांनी आतापासूनच कान टवकारले होते.

"आणि नवरा कोण म्हणे माझा?"

"तुमच्याकडे येतात ते सुतार."

काकूंचा नवरा पाणीखात्यात पंप चालवायचा. तो गेल्याला सहा वर्षं झाली होती. या सहा वर्षांत काकू कोणापुढे रडल्या नव्हत्या, आणि खिडकीपुढे रडायचा तर प्रश्नच नव्हता. त्यांनी पिशवी काखेत मारली आणि समोरच्या बाकावर जाऊन बसल्या. "ज्यानं हे ठरवलं त्याला बोलवा," त्या म्हणाल्या. "तोवर मी हलत नाही."

कचेरीत अशा वेळी एकाच माणसाला पुढे करायचे. चौकशी अधिकारी बाईंना सगळे चिमटाबाई म्हणत. पेटत्या प्रकरणातून त्या खरं तेवढं अलगद उचलून बाहेर ठेवतात, असं त्यांचं कौतुक करणारे सांगायचे. एकदा धरलं की सोडत नाहीत, असं बाकीचे सांगायचे. दोन्ही खरं होतं.

चिमटाबाई काकूंच्या शेजारी बाकावरच बसल्या.

"लग्न केलंत?"

"नाही." काकू सरळ त्यांच्या डोळ्यांत बघत होत्या. "आणि करणारही नाही."

"ते मी विचारलं नव्हतं."

काकूंनी पिशवी मांडीवर ओढली. मग म्हणाल्या, "माझा मुलगा आंधळा आहे. तिशी ओलांडली त्यानं. खुर्च्यांना वेत विणतो, पण त्यात त्याचा चहा सुटतो, बाकी काही नाही. आमचं घर या पेन्शनवर चालतं. तुम्हाला काय शोधायचं ते शोधा, पण लवकर शोधा."

साहेबांनी शुक्रवारपर्यंत मुदत दिली. तोवर तक्रार खोटी ठरली नाही तर पेन्शन कायमची बंद, आणि वर वसुली.

"तक्रार कोणी केली?" चिमटाबाईंनी विचारलं.

"निनावी," साहेब म्हणाले. "पण माहिती इतकी घरातली आहे, की खोटी वाटत नाही."

२

तक्रार फोनवर आली होती आणि ती कारकुनाने घेतली होती. तोंडावर रुमाल धरून बोलल्यासारखा आवाज, बाई की पुरुष तेही कळेना. पण कारकुनाची स्मरणशक्ती चांगली होती. घरी त्याच्या बायकोला तिचा जाच व्हायचा, कचेरीत मात्र उपयोग होता.

"शब्द न् शब्द सांग," चिमटाबाई म्हणाल्या.

"म्हणाले, ती आता सुताराची बायको आहे. तो रोज संध्याकाळी येतो. जिन्यात त्याचा डावा बूट करकरतो. खोलीत पॉलिशचा वास भरतो. जेवायला थांबतो. त्याची स्वतःची खुर्ची आहे तिथे, आधी कुरकुरायची, आता ती कुरकुरही थांबली. आणि बाई हसतात. आधी हसत नव्हत्या."

"शेवटचं पुन्हा सांग."

"बाई हसतात. आधी हसत नव्हत्या."

चिमटाबाईंनी आयुष्यात शेकडो निनावी तक्रारी ऐकल्या होत्या. लोक मत्सराने, रागाने, कधी नुसत्या कंटाळ्यानेही तक्रारी करतात. पण ज्याला एखाद्याचा घास काढून घ्यायचाय तो तिच्या हसण्याबद्दल असं बोलत नाही. हे काहीतरी वेगळं होतं, आणि वेगळं काही दिसलं की त्यांना भूक लागायची. त्यांनी डबा उघडला.

"आणखी काही?"

"हो, फोन ठेवायच्या आधी एक प्रश्न विचारला. हिची बंद झाली तर पुढे कोणाला मिळते? मी नियम सांगितला. स्वतःच्या कमाईवर जगू न शकणारं अपत्य असेल तर त्याच्या नावे सुरू होते, वय कितीही असो. तर म्हणाले, नक्की? मी म्हटलं, नक्की. पुन्हा म्हणाले, अगदी नक्की ना?"

चिमटाबाईंचा घास हातातच राहिला. म्हणजे फोन करणाऱ्याचा डोळा मुलाच्या नावे येणाऱ्या पेन्शनवर होता.

"त्या मुलाला सांभाळायला कोण तयार आहे," त्यांनी विचारलं, "आईखेरीज?"

कारकुनाला तेही माहीत होतं. "त्याचे काका. पुतण्याला घरी नेलं तर पेन्शनचं काय, असं मागच्याच महिन्यात ते इथं विचारायला आले होते."

३

काकूंच्या दिरांचं बुटांचं दुकान होतं. गिऱ्हाईक दारात आलं की ते आधी त्याच्या पायांकडे बघत आणि मग तोंडाकडे. चिमटाबाईंच्या पायांकडे बघून त्यांनी खेदाने मान हलवली.

"टाच झिजलीय तुमची."

"चौकशा फार," चिमटाबाई म्हणाल्या. "पुतण्याला घरी न्यायचंय म्हणे तुम्हाला?"

"न्यायचंय. माझ्या भावाचं लेकरू आहे. वहिनीने वर्षापूर्वी मला दारातून परत पाठवलं, तेव्हापासून मी त्या घराचा उंबरा ओलांडलेला नाही. पण पोराला विसरलेलो नाही."

"भांडण कशावरून झालं?"

"त्या सुतारावरून." दिरांचा आवाज चढला. "पांढऱ्या झुपकेदार मिशा, कानावर पेन्सिल, सदऱ्यावर भुसा. रस्त्यातून येताना सगळी गल्ली बघते. मी वहिनीला तोंडावर म्हटलं, एक तर त्याच्याशी लग्न कर, नाहीतर त्याला येऊ देऊ नकोस. असं लोंबकळत ठेवू नकोस माझ्या भावाचं नाव."

"मग फोन तुम्ही केलात?"

"मी?" दीर हसले, पण ते हसू कडू होतं. "बाई, मी फोन केला असता तर नाव, पत्ता आणि दुकानाची वेळ सांगून केला असता. तोंडावर रुमाल धरायला मला लाज वाटते."

चिमटाबाईंनी त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. रुमालाची गोष्ट त्यांनी दिरांना सांगितली नव्हती.

"रुमाल धरला होता हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"आख्ख्या गल्लीला माहीत आहे. तुमच्या कारकुनाच्या खिडकीपुढे रांगेत एक आजोबा असतात ना? ते माझ्याकडे बूट शिवतात."

४

काकूंच्या खाली, तळमजल्यावर, एक शिवणवाली राहायची. तिच्या खिडकीसमोरूनच जिना वर जात होता. त्यामुळे त्या घरात कोण येतं आणि कोण जातं, हे तिला देवाच्या आधी कळायचं.

"निळा सदरा घालतो," ती मशीन न थांबवताच म्हणाली. "तिसरं बटण मीच लावलंय. मिशा पांढऱ्या, पण केस अजून काळे. देखणा आहे हो माणूस. कपडे शिवून घ्यायला त्याला इथं मी बोलावलं, आणि तो वर जायला लागला. नशीब माझं."

"राग आला?"

"आला. महिनाभर. मग काकूंना एकदा जिन्यात हसताना ऐकलं आणि राग गेला. त्या बाईचं हसणं मी विसरले होते."

"वर काय चालतं ते ऐकू येतं?"

"मशीन चालू असताना माझं मला ऐकू येत नाही. आणि वर मी जात नाही, गुडघे नाहीत माझे. दिसतं तेवढं सांगते."

तिथून चिमटाबाई सुताराच्या कारखान्यात गेल्या. करवतीचं यंत्र बंद केल्यावरही सुतार यंत्र चालू असल्यासारखे मोठ्याने बोलत होते.

"जोरात बोला! या करवतीनं कान नेले माझे."

"काकूंशी लग्न केलंत का?" चिमटाबाई ओरडल्या. कारखान्यातली दोन्ही माणसं काम थांबवून बघायला लागली.

"मागणी घातली!" सुतारही तेवढ्याच जोरात म्हणाले. "एकदा नाही, तीनदा. प्रत्येक वेळी नाही म्हणाल्या."

"का?"

सुतारांचा आवाज आपसूक उतरला. "म्हणाल्या, पेन्शन गेली तर पोरगं काय खाईल? मी म्हटलं, मी आहे की. म्हणाल्या, एक जण 'मी आहे' म्हणता म्हणता गेला, आता त्या शब्दावर माझा भरवसा नाही."

"हे बोलणं झालं तेव्हा मुलगा कुठे होता?"

"तिथंच, कोपऱ्यात, खुर्ची विणत. तो काही बोलला नाही."

चिमटाबाई निघता निघता थांबल्या. "तुमचा डावा बूट करकरतो, हे ठाऊक आहे?"

"माझा?" सुतारांनी पाय आपटला. खाली वाकून पुन्हा आपटला. बूट चांगलाच करकरला. "छे!" ते म्हणाले. "कोणी सांगितलं तुम्हाला?"

चिमटाबाई दारातच उभ्या राहिल्या. मग त्यांनी स्वतःच्या कपाळावर हलकेच हात मारून घेतला. काखेत कळसा आणि त्या गावाला वळसा घालून आल्या होत्या.

५

गुरुवारी संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना काकूंच्या घरी बोलावलं.

खोली लहान होती, पण कुठल्याही वस्तूला धक्का न लागता अंधारात फिरता येईल अशी लावलेली होती. पाण्याची कळशी भिंतीला, काठी दाराला, चार खुर्च्या चार ठरलेल्या जागी. मुलगा कोपऱ्यात सतरंजीवर बसून एका चौकटीवर वेत ताणत होता. त्याची बोटं थांबत नव्हती. शिवणवाली जिना चढता चढता तीनदा देवाचं नाव घेऊन आली. सुतार आपल्या खुर्चीत जाऊन बसले. दीर उंबऱ्याबाहेर उभे राहिले.

"आत या," चिमटाबाई म्हणाल्या.

"वहिनी म्हणाली तर."

"या," काकू म्हणाल्या. "भांडायचंच असेल तर बसून भांडा."

दीर आत आले. चिमटाबाई मधोमध उभ्या राहिल्या.

"पहिली गोष्ट," त्या म्हणाल्या, "काकूंचं लग्न झालेलं नाही. चौकशीत मला काकूंनी आणि सुतारांनी तसं सांगितलं आणि दोघंही खरं बोलले. मग न झालेलं लग्न झालं म्हणून सांगितलं कोणी? मी तुम्हा सगळ्यांना सुतारांबद्दल विचारलं. दीर म्हणाले, पांढऱ्या मिशा, कानावर पेन्सिल. शिवणवाली म्हणाल्या, निळा सदरा, तिसरं बटण. ज्याला डोळे आहेत तो आधी दिसलेलंच सांगतो. पण फोन करणाऱ्याने मिशा सांगितल्या नाहीत, सदरा सांगितला नाही. त्याने करकरणारा बूट सांगितला, पॉलिशचा वास सांगितला, खुर्चीची कुरकुर सांगितली."

कोपऱ्यातली बोटं थांबली.

"बूट जिन्यात कोणालाही ऐकू येईल," दीर म्हणाले. "मलाही आला असता."

"आला असता. पण खुर्ची? तुम्ही वर्षभर आत आला नाहीत, या शिवणवाली बाई एरवी वर चढत नाहीत. खुर्चीची कुरकुर थांबल्याचं फक्त आत बसणाऱ्याला कळेल. सुतारांना तर स्वतःचा बूटही ऐकू येत नाही. राहिल्या काकू. पण आपण आता हसायला लागलो, असं कोणी स्वतःबद्दल सांगतं का?"

चिमटाबाई मुलाकडे वळल्या, आणि आवाज आपोआप मऊ झाला.

"नवी विणलेली खुर्ची किती दिवस कुरकुरते रे?"

"महिनाभर," मुलगा सवयीने म्हणाला. "मग वेत बसतो आणि..." तो थांबला. खाली मान घातली.

काकूंच्या तोंडून एवढंच आलं, "तू?"

६

"मी," मुलगा म्हणाला.

दीर उठून उभे राहिले. "अरे, स्वतःच्या आईवर? खोटं?"

"काका, बसा. तुम्ही मला न्यायला निघालात, तिला सोडवायला कोणी आलं नाही." मुलगा मागे सरत नव्हता. "सुतारकाका तीनदा विचारून गेले. तीनदा ती माझं नाव पुढे करून नाही म्हणाली. मी इथंच बसलो होतो. आई मला कधी ओझं म्हणाली नाही. पण 'पोराचं काय' असं म्हटलं की ते ओझंच होतं ना? मला ऐकू येतं सगळं."

"मग मला सांगायचंस," काकू म्हणाल्या.

"सांगितलं होतं! नियम सांगितला होता, की तुझी बंद झाली तर माझ्या नावे सुरू होते. तू म्हणालीस, कचेरीचा काय भरवसा, माझी लगेच बंद करतील आणि तुझी सुरूच करणार नाहीत."

चिमटाबाईंना यावर बोलायचं होतं, पण कचेरीचा अनुभव त्यांनाही होता.

"म्हणून मी म्हटलं, आधी बंदच होऊ दे. बंदच झाली तर नाही म्हणायला कारण उरणार नाही. फोन करण्याआधी मी तीन दिवस विचार केला, आई."

"अक्कल कुठे ठेवली होतीस? हे खरं ठरलं असतं तर वसुली आली असती! हात दाखवून अवलक्षण!" काकूंना आता रडू येत होतं आणि त्या रडू येऊ देत नव्हत्या. "माझं लग्न माझ्या पाठीमागे लावून मोकळा झालास तू!"

"झालो," मुलगा म्हणाला. "कारण समोर तू मला लावू देत नव्हतीस."

सुतार दोघांकडे आळीपाळीने बघत होते. सगळं ऐकू आलं नसलं तरी कळलं होतं. ते उठायला लागले. शिवणवालीने त्यांचा हात धरून खाली बसवलं.

काकू चिमटाबाईंकडे वळल्या. "याला शिक्षा होते का?"

"उद्या मी लिहून देणार आहे की लग्न झालेलं नाही, तक्रार गैरसमजातून झाली. तुमची पेन्शन सोमवारपासून सुरू. घरचा माणूस घरच्यांबद्दल खोटं बोलला, ते मिटवणं कचेरीचं काम नाही."

"आणि..." काकूंनी घसा खाकरला. "आणि मी खरंच केलं तर?"

"तर स्वतः येऊन सांगायचं, लपवायचं नाही. तुमची बंद होईल, याची सुरू होईल. याच्या नावावर, याच्या खात्यात. काकांच्या नाही, सुतारांच्या नाही. ज्या दिवशी तुमची बंद त्याच दिवशी याची सुरू झाली नाही, तर मी साहेबांच्या टेबलाजवळ बसून राहीन. लोक मला चिमटा म्हणतात, ते उगाच नाही."

काकू मुलासमोर जाऊन खाली बसल्या. त्याचे हात हातात घेतले. वेताने चिरलेली बोटं त्यांनी अंगठ्याने चाचपली.

"खरं सांगू? पेन्शन हे एक कारण होतं," त्या म्हणाल्या. "दुसरं म्हणजे मला भीती वाटते. मी गेले आणि तू पडलास, भाजलास, तुला कोणी फसवलं... रात्री तू उठून पाणी प्यालास तरी मला जाग येते."

"मलाही येते, आई. तू जागी झालीस की." मुलगा किंचित हसला. "मी पाणीसुद्धा दबकत पितो, तुझी झोप मोडू नये म्हणून. मला आई हवीये. पहारेकरी नकोय."

काकूंनी त्याचे हात सोडले. ते सोडायला त्यांना वेळ लागला, पण त्यांनी सोडले. उठल्या, डोळे पुसले, खुंटीवरची शाल घेतली आणि सुतारांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"चला," त्या म्हणाल्या, चांगल्या मोठ्याने. "तुमचं घर दाखवा. इतक्या वर्षांत मी पाहिलेलंच नाही."

सुतार उठले ते इतक्या घाईने, की दिरांना बाजूला व्हावं लागलं. दीर झालेच बाजूला. वर म्हणाले, "वहिनी, रस्त्यात खड्डे आहेत, सांभाळून," आणि पुतण्याच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवून तेही एकटेच निघाले. शिवणवाली कठडा धरून त्यांच्या मागे उतरली.

खोलीत चिमटाबाई आणि मुलगा दोघेच उरले. चिमटाबाईंना वाटलं, आता याला एकटं टाकून कसं जायचं? त्या उगाच एक खुर्ची सरळ करायला गेल्या.

"खुर्चीला हात लावू नका," मुलगा म्हणाला. "आणि आता तुम्हीही निघा, बाई. मला माझ्या घरात एकटं बसून बघायचंय."